गंगीचं कापडी रेडकू

चिंध्यांची जनावरं करण्यात जन्म गेलेल्या बाईनं दिवाळी अंकात काय लिहायचं, असं मी संपादकांना विचारलं. ते म्हणाले, "मोठमोठे वकील-डॉक्टर आठवणी पाठवतात, तुम्हीही पाठवा." मग मला धीर आला. वकिलांच्या आठवणींत खोटं असणार आणि डॉक्टरांच्या आठवणींत मेलेली माणसं. माझी जनावरं निदान कुणाला चावलेली नाहीत. एकदा चावाचावी झाली, पण तिथंही माझं जनावर चावलं नाही, त्यालाच कुणीतरी खाल्लं. तेच सांगणार आहे, पण आधी धंदा सांगते.

सोलापुरात गिरण्या असल्यामुळे कापडाला तोटा नव्हता. ताग्यांची टोकं, डागी तुकडे, रंग चुकलेलं कापड गिरणीच्या दारात वजनावर मिळायचं. लग्न होऊन मी इथं आले तेव्हा एका मडमेकडून क्रोशा शिकून आले होते. क्रोशा म्हणजे टोकाला आकडा असलेल्या एकाच सुईनं दोऱ्यात दोरा अडकवत विणत जायचं. बाकीच्या बायका त्यानं ताटावर झाकायचे रुमाल विणायच्या. मी कान विणले. आधी सशाचे, मग मांजराचे, मग हत्तीचे सुपाएवढे. कानांना अंग पाहिजे म्हणून अंग शिवायला लागले, आणि बघता बघता धंदा झाला.

कापडी जनावर आधी उलटं शिवतात. सगळ्या शिवणी घालून झाल्या की पिशवी उलटवावी तसं ते उलटवायचं. मग भरण. पायांत आधी, नंतर डोक्यात, पोट सगळ्यात शेवटी. पोटाखाली चार बोटं फट ठेवायची आणि भरून झालं की ती आतल्या टाक्यानं बंद करायची. भरणाला कापूस, भुसा, जुनेर, जे हाताशी असेल ते. डोळे गुंजांचे, पण गुंज विषारी म्हणून लहान मुलांच्या जनावरांना बटणं. डोळा लावताना हात हलला की वाघ जावळ काढलेल्या पोरासारखा दिसतो. एकदा तसा एक वाघ झाला, आणि तोच सगळ्यांत आधी विकला गेला. गिऱ्हाइकाच्या आवडीपुढे इलाज नाही.

गिऱ्हाइकंही एकेक होती. रुखवतात नवरीच्या हातची कला म्हणून माझे पोपट मांडले जायचे. एका लग्नात वराच्या आईनं पोपट हातात घेऊन विचारलं, "चोच कशी गं वळवलीस?" नवरी ओक्साबोक्शी रडायला लागली. मांडवाला वाटलं, सासरी जायचं म्हणून रडते आहे, आणि मग सगळाच मांडव रडला. एक नावाजलेला पैलवान भाचीसाठी म्हणून ससा घेऊन गेला होता. महिन्याभरात एक कान तुटला म्हणून परत आला. "भाचीनं ओढला का?" मी विचारलं. तो म्हणाला, "न्हाय, कुशीवर वळताना खाली आला."

धंद्याचा एक नियम मी फार लवकर शिकले. पोटात काय भरलंय ते गिऱ्हाइकाला कधी सांगायचं नाही. कडक सोवळं पाळणाऱ्या एका बाईंनी खोदून खोदून विचारलं म्हणून मी सांगितलं, की हत्तीच्या सोंडेत माझ्या सासऱ्यांच्या जुन्या बंड्या आहेत आणि पोटात लाकडाचा भुसा. त्यांनी घरी जाऊन हत्तीला आंघोळ घातली. भुसा फुगला, आणि देवपूजा चालू असताना हत्ती फुटला. त्या दिवसापासून मी तोंड शिवून टाकलं.

आता मल्लव्वा.

मल्लव्वा गवळीण आमच्याकडे दुधाचा रतीब घालायची. मूलबाळ नाही, नवरा तापात गेलेला, दिराच्या घरात राहायची. त्या घरात तिचं स्वतःचं असं एकच होतं, गंगी म्हैस. ती बापानं माहेराहून दिलेली. गंगी दूध देत होती तोवर मल्लव्वाला त्या घरात आवाज होता.

एका गुरुवारी ती चरवी रिकामीच घेऊन आली आणि ओसरीवर मटकन बसली.

"गंगीचं रेडकू मेलं अक्का. काल सांजच्याला."

मी हळहळले.

"ती पान्हाच सोडंना. कासंला हात लावला की लात मारती. दीर म्हनला, मंगळवारच्या बाजारात दावं सोडतो हिचं. आजच तिची सरकी बी बंद केली. म्हनतो, दूध न्हाय तर सरकी न्हाय."

रेडकू मेलं की गवळी त्याचं कातडं काढून घेतात, त्यात पेंढा भरतात आणि म्हशीपुढे उभं करतात. म्हैस ते चाटते आणि दूध सोडते. हे मला तेव्हा मल्लव्वानंच सांगितलं. पण गंगीच्या रेडकाला रात्रीच कुत्र्यांनी ओढून नेलं होतं, कातडं हाती लागलं नव्हतं. मल्लव्वानं आमच्या कोनाड्यातल्या हत्तीकडे बोट दाखवलं.

"तसलं रेडकू करून द्या. मंगळवारच्या आत."

मी म्हणाले, "अगं, म्हैस काय लहान मूल आहे का कापडाला भुलायला?"

"ते तुमी माज्यावर सोडा. तुमी निस्तं अंग करा. काळं, आन् एवडं." तिनं दोन्ही हात पसरून माप दाखवलं. त्या मापात माझे चाळीस ससे बसले असते.

आमचे हे कोर्टात कारकून. संध्याकाळी घरी आले आणि काळ्या कापडाच्या ढिगाऱ्यात मी बसलेली बघून त्यांनी पगडी खुंटीला लावायच्या आधीच विचारलं, "कोण गेलं?" सांगितल्यावर म्हणाले, "छान. उद्या बैलगाडीवाले येतील, बैल करून मागतील."

तीन दिवस मी दुसरं काही केलं नाही. मल्लव्वा येऊन बघून जायची. तिचं म्हणणं एकच, "त्वांडाकडं काय बी करू नगा. तिला चाटाया पाठ पायजे." पण माझ्या हातून बिनडोळ्यांचं जनावर कधी गेलेलं नाही. यांच्या जुन्या कोटाची दोन मोठी बटणं काढून डोळे लावले. पापण्या विणल्या. कान क्रोशाचे, आत फिकट गुलाबी दोरा. शेपटीला गोंडा. गळ्यात, मोह आवरला नाही म्हणून, एक लाल पट्टी.

मल्लव्वानं शनिवारी ते पुढून बघितलं, मागून बघितलं.

"लई ग्वाड हाय अक्का," ती म्हणाली. "पर रेडकू वाटंना. जावाय वाटतोय."

पट्टी काढली.

भरणाची अडचण निराळी होती. नुसता कापूस भरला असता तर म्हशीनं चाटल्याबरोबर ते आडवं पडलं असतं. वजन पाहिजे. भुसा देणारा सुतार गावाला गेलेला. माझ्याकडे मात्र सरकीचं पोतं होतं. मी कापूस बियांसकट घ्यायची आणि बिया घरी काढायची, ती बी साठलेली. जड, कोरडी, गळायची भीती नाही. पोटात मी ती ठासून भरली आणि आतल्या टाक्यानं फट बंद केली. सरकी म्हशी खातात हे सोलापुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मलाही होतं. दोन दिवसांपूर्वी मल्लव्वाच्या तोंडून ऐकलंही होतं. पण शिवायला बसलं की माझ्या लेखी ती सरकी नव्हती, ते भरण होतं. मल्लव्वानं उचलून बघितलं आणि म्हणाली, "वजन बरुबर हाय. काय भरलंय?" मी नियमाप्रमाणे म्हणाले, "भरण."

रविवारी सकाळी आम्ही रेडकू टांग्यातून नेलं. दोघींच्या मध्ये ते उभं. टांगेवाल्यानं दोनदा मागं वळून बघितलं, तिसऱ्यांदा विचारलं, "जितं हाय का मेल्यालं?" मल्लव्वा म्हणाली, "अजून ठरायचं हाय." तो पुढे वळला आणि त्यानं घोडा जोरात हाकला.

गोठ्यात दीर शिदराम कडब्यावर बसला होता. माणूस वाईट नव्हता, पण त्याला प्रत्येक गोष्टीचं पुढं काय होणार ते आधीच ठाऊक असायचं. रेडकू गंगीपुढे उभं केलं. गंगीनं मान लांब केली, हुंगलं, मोठ्यानं शिंकली आणि पाठ फिरवली.

"झालं?" शिदराम म्हणाला.

मल्लव्वानं स्वतः रेडकाच्या मानेला नाक लावलं. "अक्का, ह्येला डांबराच्या गोळ्यांचा वास हाय."

कापडाच्या पेटीत मी कसर लागू नये म्हणून डांबराच्या गोळ्या ठेवायची. मी ओशाळले. मल्लव्वा मात्र खचली नाही. तिनं शेणाची पाटी घेतली, कोंड्यात मीठ आणि गूळ कालवला, गंगीच्या बसण्याच्या जागेवरचा ओला पाला घेतला, आणि माझ्या डोळ्यांदेखत माझं तीन दिवसांचं काम शेपटीच्या गोंड्यापर्यंत माखून काढलं. गुलाबी कान गेले. पापण्या गेल्या. मला रडू येत होतं आणि ते कुणाला सांगायचीही सोय नव्हती.

रेडकू गोठ्यातच ठेवून मी घरी आले. सोमवारी मल्लव्वाचा निरोप आला, "या." गेले तर गंगी रेडकाची पाठ चाटत होती. डोळे अर्धे मिटलेले, घशातून बारीक हुंकार. मल्लव्वा खाली बसली, तिनं कासेला हात लावला, आणि चरवीत धार वाजली. मल्लव्वाच्या गालावरून पाणी ओघळत होतं, हात दोन्ही गुंतलेले म्हणून ते तसंच वाहू दिलं तिनं. मी आयुष्यात इतक्या मुलांच्या हातात जनावरं दिली, पण माझ्या जनावराला कुणी खरं मानलेलं त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. मला गंगीचे पाय धरावेसे वाटले. एक कान तेवढा तिनं खाल्ला होता.

शिदराम म्हणाला, "एक दिसाचं कौतिक. मी दलालाला सबूद दिलाय."

मंगळवारी सकाळी मी न बोलावताच गेले. दलाल आलेला, दावं सोडून शिदरामच्या हातात. शेजारपाजारचे जमलेले. मल्लव्वा रेडकाला मिठी मारून उभी होती आणि म्हणत होती, "एक डाव बगा की. धार काडून दावती." दलाल बघायला कबूल झाला. गंगी चाटायला लागली. दोन दिवस चाटून चाटून कापड भिजलेलं, आणि ओल आत पोचलेली. गंगी चाटता चाटता थांबली. तिनं पोटाशी हुंगलं. पुन्हा हुंगलं. मग तिनं दात लावले, मान झटकली, आणि माझा आतला टाका टरकन उसवला.

तिनं रेडकाच्या पोटात थेट तोंड घातलं आणि रवंथाची घाई न करता पोटभर खायला सुरुवात केली.

दलाल दोन पावलं मागं सरला.

"आयनंच प्वार खाल्लं," तो म्हणाला. "असली म्हस मला फुकट दिली तरी नगं."

शिदराम पांढराफटक. "म्हंजी आता ही ठिवायची बी न्हाय आन् इकायची बी न्हाय." कुणी शांती करायला सांगितलं, कुणी नदीपार सोडायला.

मी गप्प बसायला हवं होतं. दलाल निघालाच होता. पण माझ्या कामाला लोक पाप म्हणत होते, ते मला सोसवेना. पुढे होऊन मी म्हणाले, "पोर कसलं? सरकी आहे ती. मीच भरली आहे."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. कुणीतरी हसलं, मग दुसरं हसलं. दलालही हसला, परत आला आणि म्हणाला, "आसं व्हय. मग घेतो की."

मल्लव्वानं माझ्याकडे बघितलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. कधीही न मोडलेला नियम मी मोडला, तो नेमका तिच्या मुळावर आला होता. इतक्या वर्षांच्या धंद्यात मला कशाची लाज वाटत असेल तर त्या एका वाक्याची.

तिनं चरवी उचलली आणि गंगीखाली बसली. गंगीचं डोकं रेडकाच्या पोटात, मल्लव्वाचं डोकं गंगीच्या पोटाला टेकलेलं. धार सुरू झाली. फेस वर यायला लागला. शिदरामचं हातातलं दावं सैल पडलं.

"ही सरकीची करामत," तो म्हणाला. "रेडकाची न्हाय. धा दिस दिली न्हाय म्हनून भुकावली."

"धा न्हाय, पाच," मल्लव्वा खालूनच म्हणाली.

शिदरामनं घमेल्यात सरकी आणली, रेडकू बाजूला ओढलं आणि घमेलं पुढे सरकवलं. गंगीनं खायला सुरुवात केली. धार थांबली. मल्लव्वानं आचळ ओढून बघितलं, थेंब नाही. "रेडकू दे," ती म्हणाली. रेडकू पुढे आलं, गंगीनं त्याचं फाटलेलं पोट एकदा चाटलं, आणि धार सुरू. शिदरामनं हे तीनदा करून बघितलं. तिसऱ्या वेळी दलालच म्हणाला, "पुरं करा राव, मला बी उशीर व्हतोय." शिदरामनं दावं पुन्हा खुंट्याला बांधलं आणि कुणाकडे न बघता बाहेर गेला.

मी मल्लव्वाला हळूच म्हणाले, "आपण त्या मुक्या जिवाला फसवतोय गं."

"फसवतोय कुटं?" ती म्हणाली. "तिला ठावं हाय की. ती काय खुळी हाय व्हय? पर कायतरी चाटाया पायजे का नगं?"

त्यानंतर दर आठवड्याला मी सुई-दोरा आणि सरकी घेऊन गोठ्यात जायची. पोट भरायचं, शिवायचं, नवा कान लावायचा. आठवड्यात गंगी दोन्ही संपवायची. आमचे हे म्हणायचे, की सोलापुरात डॉक्टर पुष्कळ आहेत, पण घरी जाऊन कान लावणारी बाई एकच. एका पावसाळ्यात गोठ्याचं छप्पर गळलं आणि रेडकाच्या पाठीच्या शिवणीतून कपाशीचे हिरवे कोंब वर आले. लोक बघायला आले, एकीनं हळदकुंकूही वाहिलं. गंगीनं एका दुपारी सगळे कोंब खाऊन तो संप्रदाय बंद केला.

पुढच्या वर्षी तिला खरं रेडकू झालं. मी म्हणाले, आता हे घेऊन जाते. मल्लव्वा म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. थोरला हाय ह्यो." खऱ्याला चाटून झालं की गंगी त्यालाही चाटायची. पाठोपाठ गंगीची आणखी चार रेडकं झाली, मोठी होऊन गेली. थोरला तिथंच उभा. त्याचं कापड तीनदा बदललं, बटणं मात्र तीच राहिली.

बऱ्याच वर्षांनी एका उन्हाळ्यात मल्लव्वा भर दुपारी दारात आली. डोक्यावर थोरला. तोवर ती थकली होती, पण दिराच्या घरात तिच्या शब्दाला किंमत होती, ती शेवटपर्यंत राहिली.

"गंगी गेली अक्का. काल. म्हातारी झाली हुती."

मी तिला पाणी दिलं. तिनं रेडकू ओसरीवर उभं केलं आणि त्याच्या पाठीवरचं गवत झटकलं.

"ह्ये एकलंच हुबं हाय गोठ्यात. मला बगवंना. तुमी संबाळा."

"अगं मल्लव्वा, कापड आहे ते."

"मला सांगता व्हय?" ती म्हणाली. "मापं म्या दिली हुती."

ती गेल्यावर मी पोटाची शिवण उसवायला कात्री घेतली. पोटात सरकी होती, आणि बिनकामाच्या सरकीला घरात उंदीर लागतात. कात्री लावली आणि परत ठेवली.

थोरला आता आमच्या माजघराच्या कोपऱ्यात असतो. मी जनावरं करायची सोडली, डोळ्यांना टाका दिसत नाही. एक काम मात्र अजून करते. उंदीर लागलेच. रात्रीतून ते त्याचं पोट हलकं करतात, आणि महिन्याकाठी मी पावशेर सरकी आणून, चाचपडत का होईना, ते पुन्हा भरून शिवते. त्याच्या पोटातलं कुणीतरी खातंय म्हटलं की मला बरं वाटतं. परवा आमची सून शेजारणीला सांगत होती, "सासूबाई उंदीर पाळतात, पण का ते काही सांगत नाहीत." मी आतून ऐकलं आणि गप्प बसले. पोटात काय भरलंय ते सांगायचं नाही, हा आमच्या धंद्याचा नियम आहे, आणि तो मी एकदाच मोडला.